शॉकअपवरचा दोरा

वारंगा फाट्यावर इस्माईलच्या गॅरेजला लागून माझं ऑइल-पार्टचं दुकान आहे. त्याचा चेंगटपणा मी रोज सोसतो. गाडीचे पुढचे शॉकअप माणसाच्या वजनाला लावायचे म्हटले की हा बाबा आधी मालकाला गाडीवर बसवणार. शॉकअपच्या चकचकीत नळीवर, रबरी सीलला टेकवून, एक काळा दोरा बांधणार. माणूस बसला की शॉकअप दबतो आणि सील दोऱ्याला वर ढकलतं. माणूस उतरला तरी दोरा वरच राहतो. मग सील आणि दोरा यांच्यामध्ये किती बोटं मावतात ते तो बघतो. दोन मावली तर बराबर. जास्त मावली तर स्प्रिंग नरम, कमी मावली तर कडक. गिऱ्हाइकांना वाटतं, दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय.

"दोऱ्याला खोटं बोलता येत न्हाई," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

हळद शिजवायच्या दिवसांत तांड्यावरची निलम आली. तिचा भाऊ कुलदीप, पहिलवान अंगाचा, गेल्या वर्षी हळदीला पाणी देताना मोटारीचा करंट लागून गेला. त्याची स्पोर्ट गाडी तेव्हापासून अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती. निलमला हिंगोलीला दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती आणि तांड्यावरून वेळेवर एसटी नव्हती.

"चाचा, भियाची गाडी माझ्या वजनाची करून द्या," ती म्हणाली. "न्हाई तर नोकरी गेलीच समजा."

तिची आई भिकाबाई गाडी अंगणाबाहेर जाऊ देत नव्हती, म्हणून आम्हीच हत्यारं घेऊन गेलो. गाडी मागून धरायला मी.

ती गाडी कुलदीपच्या मापाला इस्माईलनंच लावून दिलेली होती. त्याचं वजन पेलावं म्हणून दोन्ही स्प्रिंगांवर पाइपचे तुकडे टाकलेले, आणि वळणात गाडी चटकन झुकावी म्हणून दोन्ही नळ्या हँडलच्या पकडीतून वर काढलेल्या. इस्माईलनं नळ्या पुन्हा खाली घेतल्या, म्हणजे गाडी सरळ, शांत चालावी. पाइपचे तुकडे काढून टाकले. निलम बसली, उतरली. दोन बोटं. इस्माईलनं दोरा परत सीलला टेकवला.

"आज चालवू नको. तेल गळतं का, उद्या बघतो."

दुसऱ्या दिवशी एका सीलखाली तेलाचा ओघळ होता, आणि दोरा गायब.

"मी कापला," भिकाबाई दारातून म्हणाली. "काळा दोरा बांधला की कोनी जवळ येत न्हाई."

माझं डोकंच फिरलं. "मावशी, मापाचा दोरा हाय तो!"

 इस्माईलनं सील बदललं, हळदीच्या पोत्याचा एक पांढरा दोरा ओढून काढला आणि बांधला. "ह्यो चालंल ना, मावशी?" तिनं मान हलवली. निलमला पुन्हा बसवून पाहिलं, दोन बोटं. दोरा सीलला टेकवून आम्ही निघालो.

तिसऱ्या दिवशी तेलाचा थेंब नव्हता. पण दोरा चार बोटं वर गेला होता.

इस्माईलचा हात तिथंच थांबला. "निलम, चालवली का गं?"

"न्हाई चाचा. चावी माझ्या उशाखाली व्हती."

"एवढं दबायला कुलदीपएवढा गडी लागतो," तो माझ्या कानाशी पुटपुटला. भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

निलमनं आवाज खाली आणला. "याडी बसती. पहाटं येऊन माझी आई गाडीवर बसून राहती. मी बघितलंय."

मी मोठ्यानं हसलो. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू! "मग बसवा त्यांना. होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष."

भिकाबाई आली. मी मागून गाडी धरली. ती चढली ती थेट मागच्या उंच सीटवर. दोन्ही हात समोर धरले, कुणाच्या खांद्यावर ठेवावेत तसे. पुढचा शॉकअप जरासुद्धा दबला नाही.

"पुढं सरका, मावशी."

"पुढं कशी सरकू?" ती म्हणाली. "पुढं तो हाय न्हवं."

हळदीच्या कढईचा वास अंगणात भरून राहिला होता.  भिकाबाई उतरली. मग इस्माईलनं नळ्यांची झाकणं खोलली आणि काढलेले पाइपचे तुकडे पुन्हा स्प्रिंगांवर टाकले, दोरा सीलला टेकवला.

"येडा झाला का तू?" मी ओरडलो. "हलकी पोर हाय ती. एवढ्या कडक शॉकअपवर खड्ड्यात उसळून पडंल, मरंल ती!"

"बसू तर दे. रातची चार बोटं इसरला का?"

निलम बसली.  तिच्या वजनाला एक बोटसुद्धा भरायला नको होतं. ती उतरली. इस्माईलनं बोटं लावली आणि तसाच बसून राहिला. मी त्याचा हात बाजूला सारून माझी लावली.

दोन बोटं. बराबर.

आपलं ते वाक्य इस्माईल त्या दिवशी बोलला नाही. दोरा सोडून त्यानं खिशात टाकला.

निलमनं आईकडे बघितलं. मग तिनं डोळे पुसले, हेल्मेट घातलं आणि गाडी चालू केली. भिकाबाई अंगणाच्या टोकापर्यंत आली. वर्षभरात पहिल्यांदाच ती गाडीच्या वाटेतून बाजूला झाली.

"सावकाश जा रे दोघं," ती म्हणाली.