बर्फावर पडणारा पाऊस

बापूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेस्कवर होतो. इंदौरला, पलासियातल्या घरी, दुपारच्या झोपेत गेले. त्यांची सगळी नोकरी सैन्यासाठी हिमालयातल्या उतारांवरचा बर्फ तपासण्यात गेली होती.

दोन हिवाळ्यांपूर्वी मी त्यांच्याबरोबर हिमाचलात होतो. तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या सकाळी हवा अचानक उबदार झाली आणि साचलेल्या बर्फावर पाऊस सुरू झाला. मी इंदौरचा माणूस. सुटलो म्हणालो, स्वेटर काढला. दुसऱ्या दिवशी ड्यूटी होती. आमचा ड्रायव्हर दोरजे गाडी काढून तयार होता.

मामांनी मूठभर बर्फ उचलून दाबला. बोटांमधून पाणी गळलं.

“आज नाही निघायचं.”

“अहो मामा, थंडी तर कमी झाली!”

“म्हणूनच. थंडी होती तोवर बर्फ वर उताराला धरून होता.”

“उद्या ऑफिसात काय सांगू?”

“सांग, मामा सठिया गया, म्हातारा बहकला. काय भिया, एवढी घाई?” मामा इंदौरी थाटात म्हणाले.

“अंकलजी, रास्ता तो खुला है,” दोरजे म्हणाला.

“रास्ता मत देख, बेटा. ऊपर देख.” आणि ते बॉनेटला टेकून पावसात उभे राहिले.

अकराच्या सुमारास समोरचा उतार सुटला. हिमस्खलन म्हणजे पांढऱ्या धुरळ्याचा ढग, अशी माझी समजूत होती. हा करडा, ओला लोंढा होता, बांधकामाचा गारा कालवल्यासारखा. सावकाश आला... इतका सावकाश, की पळून जाता येईल असं वाटावं. देवदार उभेच्या उभे त्यात वाहत आले. आवाजाआधी तळपायांना थरथर कळली. ज्या वळणावर आम्ही त्या वेळी पोचलो असतो, ते वळण उरलं नाही. संध्याकाळी आळून घट्ट झालेल्या त्या ढिगात दोरजेचं फावडं शिरेना.

मामांनी टोपी काढली होती. “एवढी वर्षं पाहतोय,” ते हळू म्हणाले, “अजून या बर्फाची ओळख नाही झाली...”

तेराव्यानंतर काही दिवसांनी मी मामींजवळ बसलो होतो. मामांचा फोन वाजला. दोरजे. मामींनी स्पीकर लावला. अशा हवेत गाडी काढण्याआधी तो दर वेळी मामांना विचारी, हे मला तेव्हा कळलं.

“मांजी, अंकलजी से पूछना था. बारिश है, सवारी बैठी है. निकलूँ?”

मामींनी आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही.

“बर्फ के ऊपर गिर रही है?”

“हाँ जी.”

“तो उतार सबको. मैं फोन पकड़ी हूँ.”

दारं उघडल्याचे आवाज आले, कुणाची तरी कुरकुर आली. सगळे उतरल्याचं त्याने सांगितलं. मगच मामी त्याला म्हणाल्या, की अंकलजी गेले.