दाजींचे दोन्ही खुबे

जगात जावई पुष्कळ झाले, पण जावईपण ही पक्की नोकरी समजून पस्तीस वर्षांत एक दिवसही रजा घेतली नाही ती एकट्या आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहणार हट्ट्याचे, पण रुसायला कायम डोंगरकड्याला, म्हणजे आमच्या घरी. कोणीतरी "या पाव्हणे" म्हटल्याशिवाय त्यांनी आमचा उंबरा कधी ओलांडला नाही. एकदा घरातले सगळे हळद शिजवायला शेतात गेले होते, तर दाजी दीड तास दारात उभे राहिले. दार उघडंच होतं. माझ्या लग्नात त्यांचा फेटा माझ्या मामांच्या नंतर बांधला गेला, तेव्हा ते जीपमध्ये जाऊन बसले आणि काच वर करून घेतली. मुहूर्त टळायला आला, तशी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला, म्हणजे मलाच, त्या काचेवर टकटक करावी लागली. काच चार बोटं खाली आली. "आमी काय परके हाओत?" एवढंच बोलले आणि उतरले. जेवायला मात्र पहिल्या पंगतीत होते.

अशा माणसाचे दोन्ही खुबे गेले. आधी लंगडणं, मग काठी, मग नुसतं ओरडणं. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलं की सांध्याचा गुळगुळीत थर झिजलाय, हाडाचं डोकं कापायचं नाही, ते घासून त्यावर धातूची टोपी बसवायची. दाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "टोपी द्यायलेत. टॉवेल कुठाय?" त्यांच्या हिशेबी हाही एक आहेरच होता, आणि आहेर अर्धवट घ्यायची त्यांना सवय नव्हती. एक खुबा आता, दुसरा तीन महिन्यांनी, हे काही त्यांना पटेना. "दोन खेपा काहून? दोन्हीला एकदमच घाला." शेवटी तपासण्या करून डॉक्टर तयार झाले. खुबे कशानं झिजले याचं निदान दाजींनी स्वतःच केलं. "तुमच्या घरच्या पाटानं खाल्ले. पस्तीस वर्सं त्या फळीवर मांडी घालून धोंडे खाल्ले, झिजणार न्हाई तर काय!" दोष सासरचा ठरला, म्हणून दवाखान्यात राहायला सासरचाच माणूस हवा, आणि सासरी साळा मी एकटाच.

मी त्यांची जितकी सेवा केली तितकी माझ्या बापाचीही केली नाही. त्यांना वाकायची मनाई, म्हणून चपला मी घालायच्या, त्याही उजवी आधी. दोन पायांच्या मधे उशी ठेवून झोपायचं होतं, तर उशी मऊ नाही म्हणून ते परिचारिकेवर रुसले. तिला मराठी येत नसल्यामुळे तो रुसवा वाया गेला, याचं त्यांना खुब्यांपेक्षा जास्त दुःख झालं. तिसऱ्या दिवशी वॉकर देऊन त्यांना चालायला लावलं. गेले बिचारे व्हरांड्याच्या टोकापर्यंत, घामाघूम होऊन परत आले आणि खोलीच्या दारात थांबले. व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, "चलिए अंकल, अंदर." दाजी हलेनात. तिला वाटलं दुखतंय. मी कपाळाला हात लावला आणि म्हणालो, "या दाजी." तेव्हा कुठे वॉकर आत आला.

हट्ट्याला परतल्यावर डॉक्टरांपेक्षा त्यांचा विश्वास गावातल्या सायकल मिस्त्रीवर. ते खानसाहेब दाजींचे वर्गमित्र. त्यांनी एक्स-रे उजेडात धरून निकाल दिला, "छर्रे घिस गये थे, नई कटोरी डाले. काम बराबर है. पर लोड नक्को, और नीचे तो बिल्कुल बैठना नक्को." डॉक्टरही तेच म्हणाले होते: सहा महिने खुर्ची, खाली बसायचं ते आम्ही सांगू तेव्हाच.

आणि चौथ्याच महिन्यात अधिकमास आला.

वडील गेल्यापासून धोंड्याच्या जेवणाला दाजींचे पाय आई धुते आणि मी पुसतो. आई ऐंशीची. "हे माझं शेवटचं धोंड्याचं जेवण," असं ती मागच्या चार अधिकमासांत म्हणाली होती आणि आम्ही तिची थट्टा केली होती. यंदा भिंत धरल्याशिवाय तिला चुलीपर्यंत जाता येत नव्हतं, डोळ्यांना माणूस अंधुक दिसत होता, आणि ती पुन्हा तेच म्हणाली, तेव्हा कोणी हसलं नाही. मी खुर्चीचं सुचवलं तर म्हणाली, "पाव्हणे काय हाटेलात येऊन राहिले व्हय? पाट मांडायचा." तिकडून ताईचा रडवेला फोन, "अरे, हे गादी टाकून खाली बसायची तालीम करून राहिलेत. टोपी निसटली म्हंजे?" एकीकडे आईचा हट्ट, दुसरीकडे दाजींचे खुबे. माझा जीव टांगणीला लागला.

त्या दिवशी जीप आली ती टपावर एक खुर्ची बांधून. बसायच्या जागी भोक असलेली, आजाऱ्याची, संडासाची खुर्ची. सगळी गल्ली बघत होती. दाजींना गुडघ्यापेक्षा कंबर उंच राहील अशीच बैठक लागे, आणि तशी ती एकच. त्यांनी ती देवघरासमोर ठेवायला लावली आणि हुकूम सोडला, "पाट ठेव हिच्यावर." खुर्चीच्या दोन हातांच्या मधे पाट नेमका बसला. आईनं चाचपून पाहिलं. "पाटच हाय," ती म्हणाली. मग तिचा हात खाली गेला. "ह्याला भोक काहून?"

"हवेशीर हाय, मामी," दाजी सासूला म्हणाले आणि बसले.

आईनं परातीत त्यांचे पाय घेतले. ओतताना निम्मं पाणी माझ्या धोतरावर. एरवी पाणी गार आहे, गरम आहे अशी तक्रार करणारे दाजी तिच्या वाकलेल्या पाठीकडे बघत होते. सासूच्या पाया पडायला त्यांना वाकता येत नव्हतं. त्यांनी तिच्या पांढऱ्या डोक्यावर पदरावरूनच हलकेच हात ठेवला आणि इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "मामी, पुढच्या धोंड्याला खाली बसतो. मांडी घालून. तवर थांबा."

"तीन वर्सं?" आई म्हणाली. "लई सांगून राहिलात, पाव्हणे." आणि त्यांच्या ताटात आणखी एक धोंडा वाढ म्हणून तिनं माझ्या बायकोला खूण केली.

आता दाजी रोज सकाळी फोन करतात. माझी चौकशी नाही, नुसतं "मामी जेवल्या का?" जेवली म्हटलं की ठेवून देतात, अर्धीच भाकरी खाल्ली म्हटलं की माझ्यावर रुसतात. पस्तीस वर्षांत त्यांनी आमच्याकडे जे जे मागितलं ते आम्ही कुरकुरत का होईना दिलं. हे एवढंच त्यांनी हक्कानं न मागता विनवून मागितलं, आणि ते माझ्या हातात नाही. मी आपला आईच्या ताटात तुपाचा एक चमचा जास्त घालतो.