पडद्यावरची पिल्ले

उन्हाळ्यातल्या दुपारी गुलबर्ग्याच्या हवेत भरडलेल्या तुरीचा कोरडा, उबदार गंध तरंगत असतो. कॉलेजच्या संगणक-प्रयोगशाळेत मी एकटीच बसलेली असे, तेव्हा तो खिडकीतून आत येई; आणि समोरच्या काळ्या पडद्यावर माझे इवले जीव निःशब्द चरत असत. जीव म्हणजे केवळ पांढरे ठिपके! हिरवा ठिपका सापडला की खायचा, बळ साठले की दुभंगून पिल्लू द्यायचे, नाही तर विझून जायचे. आणि प्रत्येक पिल्लू आईहून किंचित निराळे. एवढेच नियम मी लिहिले होते, बाकीचे पिढ्यांवर सोपवले होते. उत्क्रांती अशी डोळ्यांदेखत घडताना पाहण्याचा आनंद कोणाला सांगावा? त्या शहरात माझे असे कोणीच नव्हते.

एकदा आमच्या गावाहून, करजगीहून, अप्पा, माझे वडील, आले. जन्मभर मेंढरे राखलेला माणूस. गुडघे थकले तसा कळप विकून टाकलेला. पैदाशीसाठी जोमदार मेंढा निवडून ठेवणाऱ्या त्यांना फार समजवावे लागले नाही. बराच वेळ पडदा न्याहाळून ते म्हणाले, “पिल्लाला आई वळखू येती का गं?”

“न्हाई अप्पा. तसं लिवलंच न्हाई मी.”

“कामून? लिव की.”

मी लिहिले. आईला ओळखून तिच्याजवळ राहण्याचा गुण काही जिवांत पेरला आणि आठवडाभर पाहत राहिले. जवळ राहणारी मायलेकरे एकाच तुकड्यातले गवत संपवून उपाशी मरत. दूर जाणारी तगत. शेकडो पिढ्यांनंतर तो गुण समूळ नाहीसा झाला. बेंगळुरूच्या नोकरीचे पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होते, आणि ते अप्पांना कसे दाखवावे हे मला उमगत नव्हते.

पुढच्या खेपेला ते आले, तेव्हा मी पिल्लांचे आणि पत्राचे, दोन्ही सांगून टाकले. पडद्याकडे पाहतच ते म्हणाले,

“पिल्लू काय, कुणाच्याबी कासेला लागतंय पोरी. आईच वास घेऊन आपलं वळखती. तू जा.”

मी बेंगळुरूला निघाले त्या दिवशी अप्पा स्टेशनावर आले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. गाडी हलली तसे ते पुढच्या डब्याच्या खिडकीतल्या कोणा अनोळखी मुलीकडे पाहून हात हलवू लागले. हाक माझ्या ओठांवर आली होती. तेवढ्यात त्या मुलीनेही, का कोण जाणे, हात हलवला. अप्पांचा चेहरा उजळला, आणि मी हाक गिळून टाकली.