नव्वद मिनिटांतली अकरा

वारज्यात फ्लॅट घेतला आणि नव्या शाळेत आमच्या मुलीला एकही मैत्रीण जमेना. म्हणून बायकोने तिला बॅडमिंटनच्या क्लासला घातलं. मी तेव्हा नुकताच सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीडर झालो होतो, म्हणजे इतरांचा वेळ मोजण्याचा पगार घेत होतो. माझा स्वतःचा खेळाशी संबंध स्वारगेटला सुटलेल्या बसमागे धावण्यापुरता.

एका शनिवारी हॉलच्या बाकावर बसून मी घड्याळ लावलं. नव्वद मिनिटांच्या सरावात कन्या प्रत्यक्ष खेळली अकरा मिनिटं! बाकी वेळ रांगेत उभं राहणं, शटल गोळा करणं, पाणी पिणं आणि बुटाची नाडी बांधणं. नंबर जवळ आला की नाडी सुटायचीच. मग मागची एक मुलगी मदतीला वाकायची आणि दोघी खिदळत पुन्हा रांगेच्या शेवटी.

मी रंगीत तक्ता छापून कोचसरांपुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे पाहिला.

"छान. ऑफिसात काम कमी दिसतंय."

"सर, मुद्दा असा, की रांगेत फार वेळ जातो."

"हो का? मग तिची रांग बंद."

पुढच्या शनिवारपासून ती कडेच्या कोर्टावर एकटी. सर टोपलीतून शटल टाकतायत, ही मारतेय. पन्नास मिनिटं! तिचा टोमॅटो झाला होता आणि मी आनंदाने आकडे टिपत होतो.

तिसऱ्या शनिवारी ती सोफ्यावरून उठेचना.

"मी क्लास सोडला."

"अगं, आता कुठे नीट खेळायला मिळतंय!"

"बाबा, माझ्याशी एकच मुलगी बोलायची. ती रांगेत असते."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, क्लासला कशासाठी घातलं होतं, आठवतंय? की त्याचाही तक्ता लागेल?"

मी हॉलवर गेलो.

"सर, तिला पुन्हा रांगेत घ्या."

"लेखी द्या," सर म्हणाले. "रंगीत."

दिलं. काय करता! त्या संध्याकाळी ती मान खाली घालून रांगेच्या टोकाला उभी राहिली. पुढून ती नाडीला मदत करणारी मुलगी आपला नंबर सोडून मागे आली. पहिल्याच फेरीत दोघींच्या मिळून तीन नाड्या सुटल्या.