सरपणातली धामण

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी जळगावला ऑफिसात होते. "अक्का गेली गं... सकाळी, अंगणातच," बाबा फोनवर म्हणाले. मी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. नेमक्या वेळी माझ्या तोंडून नेमका शब्द कधीच निघत नाही. त्या शनिवारी मी तिच्याकडे जाणार होते. तिला एक गोष्ट सांगायची होती.

अक्का म्हणजे माझी मोठी काकू. दोंडाईच्याच्या अलीकडे, शेतातल्या घरात, काकांच्या मागे ती एकटी राहायची. सुनीलदादा, तिचा मुलगा, धुळ्याला असतो. त्याने किती वेळा बोलावलं, पण ती गेली नाही. तिथे राहायला तिला फार थोडं लागायचं. आंघोळीचं पाणी पपईला जायचं, स्वयंपाक शेणाच्या गॅसवर नाहीतर चुलीवर व्हायचा, आणि बांधालगतची ज्वारीची एक ओळ ती कापतच नसे, पाखरांसाठी. शेजारचे हसायचे. अक्का फवारणी करत नाही, म्हणून गावातल्या बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, किडी तिच्याकडे माहेरपणाला येतात, असं नाना म्हणायचे. नाना म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. अक्काही हसायची, आणि किडी खायला येणाऱ्यांची नावं मला सांगायची. मी इंग्लिश मिडीयमची. पक्षी मला पुस्तकातल्या चित्रांतून माहीत होते. शिंजीर, टिटवी, पिंगळा ही नावं तिने दिली.

घरामागे पऱ्हाट्यांचा ढीग होता. कपाशी निघाली की उपटलेली झाडं तिथे रचायची आणि वर्षभर चुलीला वापरायची. त्या ढिगात धामण राहायची. चांगली पुरुषभर लांब, पिवळसर, उन्हात अंग टाकून पडलेली. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा किंचाळलेच. अक्काने भाकरी थापता थापता मान वर केली. "घर तिनं शे," ती म्हणाली. "मी भाडेकरू." धामणीला विष नसतं, ती उंदीर खाते, तिच्यामुळे कणगीत दाणा राहतो, हे तिने मग मला सावकाश सांगितलं. ढिगाच्या तळातल्या पऱ्हाट्या ती कधीच काढत नसे.

गेल्या श्रावणात अक्काचा पाय मोडला. प्लॅस्टर घालून ती आतल्या खोलीत खाटेवर होती. कानबाई, आमची खानदेशातली श्रावणातली देवी, मात्र दरवर्षीप्रमाणे तिच्याच घरी बसणार होती, कारण भाऊबंदांत थोरलं घर तिचं. कानबाई बसायची म्हणजे घर लख्ख हवं. शनिवारी सगळे आले. बायकांनी भांडी घासली, जमीन सारवली. मागे पाव्हण्यांची पंगत बसणार, म्हणून पुरुषांनी मागचं आवार साफ करायला घेतलं. कोणाचंच काही वाईट मनात नव्हतं. अक्काला करता येत नाही तर आपण करून देऊ, एवढंच.

मी मागच्या दारात, हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ढीग तळापर्यंत उचलला गेला आणि ती बाहेर आली. "नाग शे," कोणीतरी ओरडलं. मला माहीत होतं की तो नाग नाही. सुनीलदादा बाजारात गेला होता, तिथे फक्त मलाच माहीत होतं. डोक्यात वाक्य आलं ते इंग्रजीत, मग मी त्याचं मराठी करत राहिले, मग वाटलं, एवढ्या थोरल्यांपुढे आपण काय बोलायचं... नानांच्या हातात काठी होती. "बाजूले व्हय, पोरी," ते म्हणाले. आणि मी बाजूला झाले. नागपंचमीला दाराशेजारी काढलेला नाग अजून भिंतीवर होता. त्याची हळदही अजून फिकी पडली नव्हती.

आतून अक्काने हाक मारली. काय झालं, कसला गलका? मी ट्रे ठेवला, आत गेले आणि म्हणाले, काही नाही अक्का, साफसफाई चाललीय. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग पुरणाला डाळ शिजली का, ते विचारलं.

दिवाळीनंतर ती चालायला लागली. मी गेले की आम्ही मागच्या पायरीवर बसायचो. ढीग पुन्हा रचला होता. "ती काबर ऊनी नही व, पोरी?" तिने एकदा ढिगाकडे पाहत विचारलं. मी म्हणाले, आली नाही खरी, गेली असेल कोणाच्या शेतात. थंडी आहे, आता उन्हाळ्यातच बाहेर पडेल, असं तिनेच मग मला समजावलं. जणू काळजी मला होती. तिला कोणीच सांगितलं नव्हतं. बाकीच्यांना ती सांगण्यासारखी गोष्टच वाटली नसावी. मी मात्र दर वेळी ठरवून जायचे आणि न बोलता परत यायचे.

हिवाळ्यात घरात उंदीर झाले. कणगी पोखरली. सुनीलदादाने आईच्या काळजीने उंदीर मारायचं औषध आणून ठेवलं, आणि पंधरा दिवसांनी आंब्याच्या ढोलीत राहणारे, उंदरांवर जगणारे दोन्ही पिंगळे झाडाखाली मरून पडलेले अक्काला सापडले. ते तिने मला फोनवर सांगितलं. आवाज तिचा नेहमीचाच होता. "मनं काय चुकनं, समजत नही," ती म्हणाली. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. तुझं काही चुकलं नाही, एवढं एक वाक्य. मी म्हणाले, शनिवारी येते, मग बोलू.

बुधवारी ती गेली.

दशक्रियेनंतर दादा म्हणाला, घर बंद ठेवून उपयोग नाही, आवार सपाट करून शेत वाट्याने देऊ. त्याचं खरंच आहे. मी चहाला सरपण आणायला मागे गेले. पऱ्हाट्या काढण्याआधी अक्का काठीने ढिगावर तीनदा हलकेच ठोकायची आणि थोडं थांबायची, आतल्याला सरकायला वेळ मिळावा म्हणून. मीही ठोकलं. थांबले. आत काहीच हललं नाही... तरी मी थांबूनच राहिले, आणि मग त्या ढिगाला, हळू आवाजात, सगळं सांगितलं.