विमलाबाईंचा समुद्र

विमलाबाईंनी उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण चित्रात काढला मात्र असा, की पाहणाऱ्यानं दोन पावलं मागे सरावं. काळंकुट्ट आभाळ, उसळलेल्या लाटा, आणि मधोमध गटांगळ्या खाणारी एक होडी. त्यांचे यजमान मारोतराव रेल्वेत बाबू. त्यांनी रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या घरी ते चित्र कौतुकानं बैठकीत टांगलं, तेव्हा बाईंना आभाळ ठेंगणं झालं.

पण रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं, तशी नवी घरं उठू लागली आणि घराघरामागे एक वास्तुवाला उगवला. नाना त्यातलेच. कालपरवापर्यंत गोल बाजारात भांडी विकत होते. चहाला आले अन् चित्रापुढे थबकलेच.

"अरे राम! हे काहून लावलं? बुडती होडी म्हणजे घरधन्यावर संकट. बीपी आहे न तुम्हाले?"

मारोतरावांना बीपी होतं. नसतं तरी आता झालं असतं.

चहाला बसलेले शेजारचे यशवंतराव उसळले, "काय बोलून राहिले नाना! लाट वर चढून राहिली न? मंग प्रमोशन पक्कं!"

"अन् हे काळे ढग?"

"ते तं साहेब लोक हायेत. राहणारच न वरती!"

दोघांची अशी जुंपली की चहा दोनदा झाला. जिनं चित्र काढलं ती बाई समोर ट्रे घेऊन उभी, पण तिला विचारायचं एकाच्याही डोक्यात येईल तर शपथ! शेवटी प्रमोशनपेक्षा बीपी भारी पडलं. मारोतराव स्टुलावर चढले आणि चित्राला हात घातला.

एवढ्या संसारात भिंतीवर आपलं म्हणावं असं पहिल्यांदाच काही लागलं होतं. विमलाबाईंनी ट्रे आदळला.

"मले विचारा न! दरसाल तुम्हाले रेल्वेचा फुकट पास भेटते. दरसाल मी म्हणते, पुरीले चला, समुद्र दाखवा. अन् दरसाल आपण वर्ध्याले, तुमच्या बहिणीकडे! यंदाबी तुम्ही वर्ध्याचाच पास आणला, त्याच दिवशी मी हे काढलं. माह्या डोक्यातला राग आहे हा सारा!"

यशवंतरावांनी बशीत तोंड खुपसलं. नाना चाचरले, "पण वहिनी, दिशेचा दोष..."

"हव, आहे न दोष. पश्चिमेचा. वर्धा तिकडेच येते!"

नाना गुपचूप चपला शोधू लागले. मारोतराव स्टुलावरच अडकलेले. मग त्यांनी चित्र सरळ केलं आणि भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "वर्ध्याचा पास वापस करतो. पुरीले... स्वेटर लागते का?"

विमलाबाईंना हसू फुटलं. "पहिले खाली उतरा," स्टूल घट्ट धरत त्या म्हणाल्या. "पडले तं पाहायले तुमची बहीणच येईन!"