मास्तरांची उरलेली वाक्यं

सातारा रोडच्या फलाटावर बाबांनी माझी वळकटी स्वतः डब्यात चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडंही मराठीच बोलतात, यमू. परकं वाटायचं नाही." आई माझ्या चोळीच्या बाहीवरची चुणी सरळ करत राहिली, गाडी हलेपर्यंत.

अक्का, कुसुम, तुमची लग्नं सातारा-वाईत झाली. तुम्ही मला सदा विचारत आलात की इतक्या लांब तुझं कसं निभलं. आणि माझ्यासारख्या दक्षिणेत दिलेल्या ज्या कोणी हे वाचतील त्यांनी विचारायची गरज नाही, त्यांना ठाऊक आहे. मी आता थकले आहे, म्हणून एकदाच सगळं सांगून टाकते.

हे पुण्यात शिकायला असताना आमच्या मामांच्या घरी राहायचे, तिथून ही सोयरीक जुळली. हे कुंभकोणच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर. घराणं भोसल्यांच्या राज्याबरोबर तंजावरी गेलेलं. पुढं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, दरबारची चाकरी सुटली आणि मंडळी कुंभकोणास येऊन राहिली. मराठी मात्र घरात तशीच राहिली होती, दोनशे वर्षांपूर्वीची.

पोचले त्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "उगे बैस." मला वाटलं, आल्या आल्या गप्प बसायला सांगतात. मी डोळे पुसत कोपऱ्यात बसले. संध्याकाळी ह्यांनी सांगितलं, "अगं, दमून आलीस, निवांत बस, असं म्हणाली ती." बाबांचं म्हणणं खरं होतं, तिकडंही मराठीच होतं. पण ते समजायला मला एक दुभाष्या लागत होता. आणि उंबऱ्याबाहेर तर सगळी तमिळ. पानवाली यायची, दही विकणारी यायची, मी नुसती बोट दाखवायची.

घरापुढं बसायचा लांब ओटा होता, त्याला तिथं तिण्णै म्हणतात. संध्याकाळी तिथं हे शाळेतल्या मुलांची शिकवणी घ्यायचे. मी आत दाराशी तांदूळ निवडत ऐकायची. नियम तमिळमध्ये सांगायचे, वाक्यं इंग्रजीत. एक धडा ह्यांच्या फार आवडीचा. आधी विशेषण, मग 'टु', मग क्रियापद. ग्लॅड टु सी यू. रेडी टु गो. टू हॉट टु ड्रिंक. मुलं सुरात म्हणायची, आणि ते इतक्या वेळा की गल्लीतली बाळंसुद्धा पाळण्यात तीच वाक्यं ऐकून निजत असतील. मला तमिळ आणि इंग्रजी एकाच दारातून आली ती अशी.

दुपारी कधी हे मला समजावून सांगत. "आपण काय म्हणतो? तुला भेटून आनंद झाला. म्हणजे आधी भेटलो, मग आनंद. तमिळमध्येही तसंच. इंग्रज आधी ग्लॅड म्हणून मोकळा होतो, कशानं ते मागाहून." एकदा त्यांनी दोन वाक्यं दिली. ईगर टु प्लीज, म्हणजे जो दुसऱ्याला खूश करायला धडपडतो तो. ईझी टु प्लीज, म्हणजे ज्याला दुसऱ्यांनी खूश करणं सोपं तो. मी विचारलं, "आणि सासूबाई?" हे दाराकडं बघून हळूच म्हणाले, "हार्ड." आम्ही दोघंही तोंड दाबून हसलो. त्या घरात मी मनापासून हसले ते बहुधा पहिल्यांदा.

मूलबाळ झालं नाही. दिवस मात्र बरे चालले होते.

मग एका सकाळी शाळेतून बैलगाडी आली. वर्गात उभे असताना ह्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर येऊन गेले, जवळच्या तिरुनीलक्कुडी गावचे वैद्य तेल देऊन गेले. हे नुसते आमच्या तोंडाकडं बघत. ओठ हलायचे, घशातून आवाज यायचा, शब्द यायचा नाही. सासूबाई उशाशी बसून सारख्या म्हणायच्या, "आई म्हण रे. एकवार आई म्हण."

असे काही आठवडे गेले. एक दिवस त्या पळीनं भाताची कांजी भरवत होत्या. ह्यांनी तोंड फिरवलं आणि अगदी स्वच्छ, वर्गातल्या आवाजात म्हणाले, "टू हॉट टु ड्रिंक."

सासूबाईंच्या हातून पळी पडली. "कायसे बोलला गे तो?"

"कांजी गरम आहे म्हणतात. पिववत नाही."

त्या म्हणाल्या, "आईला आई म्हणेना, आणि कांजी गरम ते इंग्रेजीत सांगतो!" आणि हसता हसता त्यांचं रडू फुटलं. मीही पदर तोंडाशी धरून रडले.

पुढं वाक्यं येत गेली, पण सगळी त्याच धड्यातली. मराठी आली नाही, तमिळ आली नाही. तिण्णैवर बसायचं असलं की रेडी टु गो. माणसं नकोशी झाली की अनेबल टु अटेंड, म्हणजे हजर राहता येत नाही, रजेच्या अर्जात लिहितात तसं. दहीवालीलाही ग्लॅड टु सी यू. सासूबाई मला अर्थ विचारायच्या आणि पाठ करायच्या. जन्मात इंग्रजी अक्षर न पाहिलेली ती बाई, पुढं पुढं मला न विचारता चटई घेऊन तिण्णैवर अंथरायला जायची.

डॉक्टर म्हणाले, "ही जिभेची सवय आहे बाई. आत अर्थ उरलेला नाही. फार आशा धरू नका." ते ऐकल्यावर मला, दिवसभर उचलायचं, पुसायचं, कूस बदलायची, ते कोणासाठी, असं वाटायला लागलं.

मी कूस बदलली की हे दर वेळी म्हणायचे, "सॉरी टु ट्रबल यू."

सासूबाईंनी त्याचाही अर्थ विचारला. मी सांगितलं, "तुला त्रास देतो, वाईट वाटतं, असं."

"मला कधी म्हणत नाही तो."

"तुम्ही आई. तुम्हाला कशाला म्हणतील?"

त्या पानाला चुना लावत म्हणाल्या, "कुणाला म्हणावे आणि कुणाला न म्हणावे, हे त्याला कळते. मग आत अर्थ नाही ते कैसे? त्या दाक्तराला काय समजते?"

त्या एका बोलण्यावर मी पुढची वर्षं काढली. हे सत्य होतं की दोन बायकांनी मनाची केलेली समजूत, ते मला आजही सांगता येणार नाही. शेवटी ती वाक्यंही एकेक करून गेली आणि मग हे गेले.

दादा मला न्यायला आला. मी साताऱ्याला आले, तेव्हा तुम्हा दोघींना भेटले. तुम्ही सगळ्यांनी माझं फार केलं, वहिनीनं तर मला कशालाच हात लावू दिला नाही. पण मी भाचीला "उगे बैस" म्हणाले आणि पोरी हसल्या. शेवग्याच्या शेंगेला मुरुंगक्काय म्हणाले, तेव्हा मद्रासवाली आत्या झाले. त्याचं काही वाटलं नाही. जड गेलं ते वेगळंच. ह्यांचं एखादं वाक्य सांगावं, तर आधी इंग्रजी सांगा, मग धडा सांगा, मग आजारपण. तोवर ऐकणारीच्या डोळ्यात पाणी आलेलं असायचं, आणि मला तर हसायचं होतं.

परत जाते म्हणाले तेव्हा दादा चिडला. "तिथं आता तुझं कोण आहे?"

"सासूबाई आहेत."

"त्यांच्यासाठी जायचं? सगळा जन्म तुला टोचून बोलल्या त्या."

"बोलू दे. मला तिथंच बरं वाटेल, दादा."

त्यानं मग जास्त ताणलं नाही. गाडीत बसवून दिलं.

घरी पोचले तेव्हा सासूबाई दारात होत्या. कशी आहेस विचारलं नाही, काही नाही. म्हणाल्या, "भाऊ बरा आहे की? पाय धू. भात निवतो."

आता त्यांना दिसत नाही. मी त्यांना न्हाऊ घालते, त्या माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवतात. दुपारी आम्ही दोघी तिण्णैवर पाय पसरून बसतो. तुम्ही विचारता, आपलं घर कोणतं म्हणतेस? अगं, इतकी दमलेली असते मी दुपारी, पण इथं कुणाला तसं सांगावं लागत नाही. सासूबाई हातानं चाचपून पाठ टेकायला भिंतीकडची जागा मला देतात आणि आपण कडेला सरकतात.